श्रेयनामावलीतला ‘आणि’

मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीची एक जुनी रीत आहे. आधी नायक, नायिका. मग बाकीची नावं तीन-तीन, चार-चारच्या गठ्ठ्यांत. आणि सगळं संपत आलं की पडद्यावर एकटाच उमटतो तो ‘आणि’. त्याच्यापुढे येणारं नाव नायकाचं नसतं, पण गठ्ठ्यात टाकायची निर्मात्याची छाती होत नाही. निळू फुल्यांच्या तोलाच्या नटासाठी ती जागा राखलेली असायची. ज्याला तो ‘आणि’ मिळाला त्याचं ठीक चाललंय, असं या धंद्यात समजतात. ज्याला मिळाला नाही, तो गठ्ठ्यात. आणि गठ्ठ्यातही ज्याचं नाव आलं नाही, त्याचं काय, हा या लेखाचा विषय आहे.

नावाची पाटी हा आपल्याकडे मानपानाचा मामला समजला जातो. क्रम कोणाचा आधी, अक्षर कोणाचं मोठं, यावर रुसवेफुगवे होतात आणि लोक हसतात. कायदा मात्र त्या पाटीकडे फार गंभीरपणे बघतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ‘कलावंत’ या व्याख्येला एक परंतुक जोडलं गेलं. त्याचा मथितार्थ असा : चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा इतरत्र कुठेही दिलं जात नाही, तो कायद्याच्या दृष्टीने कलावंत नव्हे. कामाची मोडतोड होत असेल तर ती अडवण्यापुरता तो कलावंत, बाकी काही नाही. म्हणजे दोन अटी एकत्र हव्यात, काम किरकोळ आणि नाव नाही. चार महत्त्वाचे प्रसंग असलेल्या नटाचं नाव गाळलं, तर तो कोर्टात जाऊन ‘माझं काम किरकोळ नव्हतं’ असं सिद्ध करू शकतो. पण सिद्ध करायचं त्याने. पाटीवर नाव असतं तर हा प्रश्नच आला नसता.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. म्हाताऱ्या, आजारी चरित्र अभिनेत्यासाठी, म्हणजे नायक-नायिकेभोवतीच्या भूमिका करणाऱ्या नटासाठी, दर काही महिन्यांनी मदतीची आवाहनं फिरतात, त्यातून धंद्याची आणि सरकारची सुटका होता कामा नये. त्याने काय काय केलं याची नोंद सार्वजनिक असावी आणि त्याचं काम पुन्हा विकलं गेलं की त्या विक्रीतला हिस्सा त्याला मिळावा. मदत नको, हिशेब हवा.

निळू फुल्यांचीच कारकीर्द घ्या. १९३० ते २००९ हे आयुष्य. पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने झालेलं नाव आणि त्या जोरावर १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून चित्रपटात प्रवेश. १९७२ साली रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’, त्याच वर्षी पडद्यावर ‘पिंजरा’. पुढे ‘सामना’, ‘सिंहासन’, जयवंत दळवींचं ‘सूर्यास्त’, हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’, ‘सारांश’. शेवटचं काम २००९ सालच्या ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’मध्ये. चित्रपटांचा आकडा अडीचशेच्या आसपास सांगतात. या ‘आसपास’ शब्दावर जरा थांबायला हवं. ज्या माणसाचं तोंड महाराष्ट्रातलं शेंबडं पोर ओळखतं, त्याच्या कामाची मोजदाद अजून अंदाजपंचे चालते. किराणा दुकानदारसुद्धा माल ‘आसपास’ लिहीत नाही.

गावोगावच्या बायका त्यांना पडद्याबाहेरही शिव्याशाप द्यायच्या, हा किस्सा त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येतो. नकलाकारांनी गळ्यात बांधलेलं ते वाड्याचं वाक्यही येतं. किस्से खरेच असतील, पण ते प्रेक्षकांविषयी सांगतात. नटाच्या कामाविषयी त्यातून फारसं कळत नाही.

काम कसं असतं ते ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ लागोपाठ पाहिले की दिसतं. दोन्ही जब्बार पटेलांचे, पटकथा दोन्हीकडे विजय तेंडुलकरांची, दोन्हीकडे समोर श्रीराम लागू. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे-पाटील हा साखरेच्या पट्ट्यातला सत्ताधीश. फुले त्याला आरडाओरडा करू देत नाहीत. लागूंच्या मास्तरांची तो सरबराई करतो, आवाज खाली ठेवतो, शब्द जरा ओढतो, आणि त्या आदरातिथ्याचीच धास्ती वाटायला लागते. तिथे प्रसंग त्यांच्या बोलण्यावर चालतो. पाच वर्षांनी, १९७९ साली, ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस याच्या उलट. हा पत्रकार मुख्यमंत्र्यांकडे बसतो, अर्थमंत्र्यांकडे बसतो, कामगार नेत्याला भेटतो आणि बहुतेक वेळ ऐकतो. पापणी जरा जड, मान किंचित कलती, चेहऱ्यावर ‘हे मी आधीही ऐकलंय’ असा थकवा. अरुण सरनाईक, लागू, सतीश दुभाषी असे एकाहून एक बोलणारे समोर असताना कॅमेरा पुन्हा पुन्हा या ऐकणाऱ्या चेहऱ्याकडे येतो, आणि शेवटी रस्त्यावर त्याचं ते वेडं हसणं फुटतं तेव्हा तोवरचं सगळं ऐकणं एकदम बाहेर पडतं. संवादांची पानं मोजून या भूमिकेची किंमत करायला बसलात तर दिगू स्वस्तात निघेल.

हे आवर्जून सांगण्याचं कारण असं की चरित्र अभिनेत्याचा मोबदला आपल्याकडे नेमका असाच ठरतो. ‘सीन किती आहेत? डायलॉग किती?’ हा पहिला प्रश्न. मग दिवस. मराठी चित्रपटाचं शूटिंग साधारण पंचवीस ते पस्तीस दिवसांत उरकतात, त्यात चरित्र भूमिकेच्या वाट्याला पाच, सात, फार तर दहा दिवस येतात. पैसे एक तर दिवसाच्या दराने किंवा सगळं मिळून एक ठोक रक्कम, जिला ‘पॅकेज’ म्हणतात. पॅकेजमध्ये डबिंग आलं, प्रसिद्धीच्या फेऱ्या आल्या, एखादा राहून गेलेला शॉट घ्यायला पुन्हा बोलावलं तर तेही आलं. सात दिवस हे सलग सात नसतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. ते महिना-दीड महिन्यात विखुरलेले असतात. आणि या काळात मिशी, दाढी, केस यांची ‘कंटिन्युइटी’ सांभाळायची. एका भूमिकेसाठी पिळदार मिशी राखली की दुसऱ्याकडची गुळगुळीत चेहऱ्याची भूमिका गेली. पैसे सात दिवसांचे, अडकलेले दिवस चाळीस. तीन-चार ठिकाणी एकदम काम घेणारा नट लोकांना हावरा वाटतो. तो हे अडकलेले दिवस भरून काढत असतो.

मालिकेत दर ‘पर डे’ आणि दिवस बारा तासांचा. पैसे हातात येतात ते अनेकदा नव्वद दिवसांनी, म्हणजे जानेवारीत केलेल्या कामातून एप्रिलचा घरखर्च. रंगभूमीवर ‘नाइट’. प्रयोगाला ठरलेली रक्कम म्हणजे नाइट, मग तो प्रयोग दुपारी चारचा असला तरी. तालमीचे पैसे बहुतेक ठिकाणी नसतात, फार तर जाण्यायेण्याचा खर्च. महिनाभर तालीम करून नाटक पंधरा प्रयोगांत बंद पडलं, तर नाइटचा खरा दर किती पडला ते ज्याचं त्याने काढावं. प्रयोग शनिवार-रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्टीला. चित्रपटवाल्यांना तारखा नेमक्या त्याच हव्या असतात. मुंबईत रात्रीचा प्रयोग संपवून बसने किंवा गाडीने वाई-साताऱ्याच्या शूटिंगला पहाटे पोचणं ही पिढ्यान् पिढ्या चालत आलेली दिनचर्या आहे. नाटक आणि पडदा दोन्ही सांभाळणाऱ्याचं आपण कौतुक करतो. त्यातला निम्मा भाग गरजेचा असतो.

हे सगळं काम विकत घेतलं जातं एकदा. विकलं मात्र अनेकदा जातं. चित्रपटगृह, मग वाहिनी, मग दुसरी वाहिनी, पूर्वी व्हिडिओ कॅसेट आणि व्हीसीडी, आता ओटीटी आणि यूट्यूब. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालचा. आजही सणासुदीला तो कुठे ना कुठे लागलेला असतो, आणि सुधीर जोशींचा घरमालक विश्वास सरपोतदार मीम होऊन रोज हजार मोबाइलवर फिरतो. विजू खोटे तर त्याहून मोठं उदाहरण. ‘शोले’तला कालिया मोजून काही मिनिटांचा. १५ ऑगस्ट १९७५ ला तो पडद्यावर आला, २०१४ साली त्रिमितीत पुन्हा आला, आणि मधल्या काळात तो किती वेळा प्रक्षेपित झाला याची गणती नाही. काही मिनिटांच्या कामाची इतकी उलाढाल जगात फार थोड्या नटांच्या वाट्याला येते.

आणि या फेरविक्रीत पहिली कात्री लागते ती नावांना. वाहिनीवर जुना चित्रपट लावताना वेळ वाचवायला सुरुवातीच्या पाट्या छाटतात. शेवटच्या पाट्या सुरू झाल्या की पडदा चतकोर करून बाजूला पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात. ओटीटीवर नावं दिसायच्या आत ‘पुढचा भाग’ अशी खिडकी. यूट्यूबवर चित्रपटाखालच्या मजकुरात नायक, नायिका आणि फार तर विनोदी नट. ज्या पाटीवर कायद्यातला हक्क टेकलेला आहे, ती पाटीच प्रेक्षकापर्यंत पोचत नाही.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण गैरसमज फार आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखक, संगीतकार, निर्माता हे सगळे होते, नट नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देव आनंद यांच्या एका चित्रपटाच्या पैशांवरून वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने स्पष्ट केलं की चित्रपटातला नटाचा अभिनय या कायद्याखाली संरक्षण मिळणारी ‘कृती’ ठरत नाही. देव आनंदची ही गत, तिथे गठ्ठ्यातल्या नावांचं काय घेऊन बसलात! कलावंताचा हक्क कायद्यात आला १९९४ च्या दुरुस्तीने, अंमल १० मे १९९५ पासून. तेव्हा मुदत २५ वर्षं होती, १९९९ साली ती ५० केली. २०१२ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी झाल्या. लेखी कराराने चित्रपटात काम करायला संमती दिली की नटाला निर्मात्याच्या वापराला एरवी हरकत घेता येत नाही, हे कायम राहिलं. पण त्याच कलमाला शेपूट जोडलं गेलं की सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास कलावंत रॉयल्टीला पात्र आहे. दुसरी गोष्ट, आपली ओळख कलावंत म्हणून दिली जावी हा नैतिक हक्क त्याला मिळाला.

म्हणजे हक्क कागदावर आहे आणि त्याला बारा-तेरा वर्षं उलटून गेली. गायकांनी या दुरुस्तीनंतर लगेच, २०१३ साली, आपली हक्कसंस्था नोंदवून घेतली आणि वसुलीच्या मागे लागले. पैसा गोळा करून नटांना वाटणारी तशी व्यवस्था उभी राहिली नाही. परिणाम असा विचित्र की एकाच गाण्यात आवाज देणाऱ्याचा हक्क वसूल होण्याची वाट आहे आणि ओठ हलवून ते गाणं लोकांच्या डोळ्यांत बसवणाऱ्याची नाही.

का उभी राहिली नाही? बड्या नटांना गरज नाही, हे पहिलं कारण. ते नफ्यातला वाटा करारातच लिहून घेतात, स्वतःची निर्मितीसंस्था काढतात. आपला आवाज, चेहरा, लकब कोणी यंत्राने बनवून वापरली तर अनिल कपूर यांच्यासारखे उच्च न्यायालयात जाऊन मनाई हुकूम आणू शकतात, त्यांनी तो २०२३ साली आणलाही. ज्याला सामूहिक संस्थेची खरी गरज, त्या चरित्र अभिनेत्याच्या हातात पुढच्या कामाची भीती सोडून काही नसतं. ‘फार कायदा बोलतो’ असा शिक्का बसला की फोन बंद होतो. दुसरं कारण करार. पुष्कळ ठिकाणी तो शूटिंगच्या पहिल्या दिवशी, मेकअप चालू असताना सहीला येतो. त्यात ‘सर्व माध्यमांत, सर्व जगात, कायमस्वरूपी, सर्व मोबदला मिळाला’ अशी वाक्यं असतात. सही करणाऱ्याला आपली प्रत मिळतेच असं नाही. त्या वाक्यांतली काही कोर्टात टिकणार नाहीत. हस्तांतराच्या लेखात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो, आणि या तरतुदी कलावंताच्या हक्कालाही लागू होतात. पण हे सांगायला कोर्टात कोण जाणार, सात दिवसांच्या कामासाठी?

निर्मात्यांची बाजू ऐकायलाच हवी, कारण मराठीत ती पोकळ नाही. बहुतेक मराठी चित्रपट पैसे परत करत नाहीत. अनेक निर्माते एकच चित्रपट काढतात, त्यात शेत किंवा फ्लॅट घालवतात आणि पुन्हा या वाटेला फिरकत नाहीत. त्यांना रॉयल्टी मागणं म्हणजे बुडत्याचे कपडे काढण्यासारखं, असा त्यांचा युक्तिवाद. पण रॉयल्टी खर्चावर लागत नाही, पुढच्या विक्रीवर लागते. विक्री शून्य तर रॉयल्टी शून्य. बुडालेल्या निर्मात्याकडे कोणी काही मागत नाही.

आकडे मांडून बघू. समजा, एक चित्रपट प्रदर्शनानंतर काही वर्षांनी पाच वर्षांच्या प्रक्षेपणासाठी पुन्हा १५ लाखांना गेला. त्यातले १० टक्के, म्हणजे दीड लाख, नटमंडळींचे धरले. वाटणी कशी करायची? संवादांवर केली तर दिगू टिपणीस उपाशी राहील, हे वर पाहिलंच. नावाच्या मोठेपणावर केली तर भांडणं. शूटिंगचे दिवस हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मापदंड आहे, कारण तो कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवशी शूटिंगला कोणाला बोलावलंय त्या कागदावर, असतो आणि त्याला पुरावा असतो. सगळ्या श्रेयप्राप्त नटांचे मिळून २१० दिवस भरले असतील तर दिवसाला साधारण ७१४ रुपये पडतात. सात दिवस काम केलेल्याला पाच हजार.

पाच हजार! एवढ्यासाठी हा खटाटोप? हो. पाच हजार रुपये ही राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेतली महिन्याची रक्कम आहे, २०२४ पासूनची. आणि चरित्र अभिनेत्याची ताकद एका चित्रपटात नसते, संख्येत असते. साठ चित्रपट केलेल्याचे चित्रपट दर पाच वर्षांनी एकदा जरी असे फिरले, तरी वर्षाला बारा विक्र्या होतात, साठ हजार रुपये होतात. आयुष्यभर छोट्या भूमिका केल्या म्हणून ज्याला हिणवलं, त्याला म्हातारपणी त्या संख्येचाच आधार होईल. नायकाने वर्षाला एक चित्रपट केला, याने नऊ केले.

दुसरा आक्षेप नेहमीचा : गवंड्याला घराचं भाडं मिळतं का? पैसे घेतले, काम केलं, विषय संपला. गवंड्याने बांधलेलं घर विकताना गवंड्याचा चेहरा दाखवून कोणी गिऱ्हाईक गोळा करत नाही, एवढंच उत्तर पुरे. शिवाय कायद्याने हा वाद २०१२ सालीच मिटवला आहे. उरला आहे तो वसुलीचा प्रश्न.

वसुलीत खरी अडचण तिसरीच आहे आणि ती आक्षेप घेणाऱ्यांना सहसा सुचत नाही. मराठी चित्रपटाचे हक्क हातोहात फिरतात. मूळ निर्मात्याने ते एका व्यापाऱ्याला ठोक विकले, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने वीस चित्रपटांची मोट बांधून वाहिनीला. मूळ निर्माता हयात नाही किंवा त्याला पत्ताच नाही. अशा वेळी ‘निर्मात्याने रॉयल्टी द्यावी’ हे वाक्य अर्थहीन होतं. वीस चित्रपटांच्या मोटेतून एकाची किंमत किती, हेही कोणी लिहिलेलं नसतं. म्हणून कपात पैसे देणाऱ्याच्या टोकाला हवी, प्राप्तिकराच्या टीडीएससारखी. वाहिनी किंवा ओटीटी ज्याला कोणाला पैसे देईल, त्यातले ठरलेले टक्के आधी हक्कसंस्थेकडे जावेत, आणि मोट असेल तर मिनिटांच्या प्रमाणात वाटले जावेत. मधले व्यापारी कितीही बदलले तरी मग फरक पडत नाही. स्पेनमध्ये नटांची अशी हक्कसंस्था वर्षानुवर्षं चालू आहे, तेव्हा ही कविकल्पना नव्हे.

पण वाटणार कोणाला? पुन्हा नोंद. इथे एक गंमत आहे. चित्रपट प्रमाणनाच्या, म्हणजे सेन्सॉरच्या, १९८३ च्या नियमांनी अर्जासोबत कथासार आणि संपूर्ण श्रेयनामावली मागितली होती. म्हणजे कितीतरी चित्रपटांची नावांची यादी एकदा तरी सरकारच्या टेबलावरून गेलेली आहे. ती प्रत्येक चित्रपटासाठी, भूमिकेच्या नावासह, शोधता येईल अशा रूपात लोकांसमोर ठेवणं एवढंच काम आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. शेवटचा हप्ता सोडण्याआधी नट, भूमिका आणि शूटिंगचे दिवस यांचा तक्ता मागायला कोणता नवा कायदा लागत नाही, शासन निर्णयातलं एक वाक्य लागतं. यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचं कारण नाही.

नाटकाची स्थिती याहून वाईट. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहिता तपासतं, त्या संहितेत उभा कोण राहणार याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नाटकात नट बदलतात. मूळ संचातला एक गेला की ‘रिप्लेसमेंट’ येते, आणि पुढचे दोनशे प्रयोग करूनही त्या दुसऱ्या नटाचं नाव पुस्तकरूपातल्या नाटकात येत नाही, तिथे पहिल्या प्रयोगाचा संच छापलेला असतो. त्याचा पुरावा उरतो वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावरच्या जाहिरातीत आणि व्यवस्थापकाच्या वहीत. जाहिरातीत जागा महाग, म्हणून तिथेही तीन नावं आणि ‘इतर’. वही व्यवस्थापकाबरोबर जाते. नाइट पाकिटातून मिळालेली असेल तर बँकेतही खूण नाही. मानधन योजनेसाठी कामाचे पुरावे जोडा म्हटलं की मग हा माणूस पिवळी पडलेली कात्रणं शोधत बसतो.

तोवर नटाने स्वतः काय करावं, तेही लिहून ठेवतो, कारण हे कोणी शिकवत नाही. करारात आपलं नाव पडद्यावर जसं यायला हवं त्याच अक्षरांत लिहून घ्यावं, आणि श्रेय कुठे येणार, सुरुवातीला की शेवटी, हेही. ‘श्रेय निर्मात्याच्या मर्जीनुसार’ हे वाक्य दिसलं तर ते खोडायला सांगावं. सगळं मान्य करून फक्त एवढं खोडायला सांगितलं तर सहसा कोणी चिडत नाही, पैशाचा प्रश्न नसतो. सही करताच पानन् पान मोबाइलवर टिपावं. रोजची कॉलशीट जपावी, हल्ली ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि फोन बदलला की जाते, म्हणून दुसरीकडे साठवावी. पैसे शक्यतो बँकेतूनच घ्यावेत. कर कापला जातो म्हणून रोख घेणं सोयीचं वाटतं, पण कापलेला कर परताव्यात मागता येतो, आणि प्राप्तिकराच्या छब्बीस-एएस विवरणात कर कापणाऱ्याचं नाव वर्षासह उमटतं. अमक्या साली अमक्या संस्थेने या माणसाला मोबदला दिला, असं सांगणारा सरकारी कागद नटाच्या आयुष्यात हाच एक असतो. तो दरवर्षी छापून फाइलला लावावा. नाटकाच्या दौऱ्यात प्रयोगाची तारीख, गाव, नाट्यगृह एवढी एक ओळ वहीत. जुन्या नटांच्या अशा वह्या आज अभ्यासकांना सोन्यासारख्या वाटतात, ठेवणाऱ्याला त्यांचा काही उपयोग झाला नाही.

आता १९९५ पूर्वीच्या कामाचा प्रश्न, आणि तो सर्वांत बोचरा आहे. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. ‘सिंहासन’ १९७९ चा, म्हणजे त्याचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे ते ३१ डिसेंबर २०३९ पर्यंत राहतील. दिगू टिपणीस उभा करणाऱ्याचा त्या चित्रपटात कायद्याने एक दिवसाचाही हक्क नाही, कारण तो उभा केला तेव्हा नटाला हक्कच नव्हता. मराठी चरित्र अभिनयाचा सगळा भरजरी काळ, फुले, दुभाषी, राजशेखर, शरद तळवलकर, हा या रेषेच्या पलीकडे पडतो.

अमेरिकेत हाच पेच १९६० साली आला होता. नटांच्या संघटनेने संप केला. अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. तडजोड अशी झाली की १९६० पासूनच्या चित्रपटांवर फेरविक्रीचा वाटा, आणि त्याआधीच्या चित्रपटांसाठी वाटा नाही, पण स्टुडिओंनी साडेबावीस लाख डॉलर एकरकमी द्यायचे, त्यातून पेन्शन आणि आरोग्याचा निधी. जुन्या नटांना ती फसवणूक वाटली, त्यांची नाराजी पुढे अनेक वर्षं टिकली. तरी निधी झाला आणि चालला.

आपल्याकडे अशा निधीचा नमुना शोधायला अमेरिकेत जायचीही गरज नाही. लागू, फुले आणि त्यांच्या बरोबरीच्या नटमंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. मुद्दल न मोडता व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन, अशी त्याची रचना. नटांनी दुसऱ्यांसाठी जे केलं ते नटांसाठी करायला वाहिन्या, ओटीटी कंपन्या आणि जुन्या चित्रपटांचे हक्क बाळगून असलेले व्यापारी पुढे आले नाहीत. १९९५ पूर्वीच्या प्रत्येक मराठी चित्रपटाच्या प्रक्षेपणामागे एक लहानशी ठरावीक रक्कम अशा निधीत जावी, ही मागणी कोणाचं दिवाळं काढणारी नाही. कायदा ती भाग पाडणार नाही हे खरं. पण सरकारी जाहिराती, अनुदानं, पुरस्कारसोहळ्यांची प्रायोजकत्वं या सगळ्यांना अटी घालता येतात, आणि एरवी त्या घातल्याही जातात.

१० मे १९९५ नंतरच्या कामाला मात्र घड्याळ लागलेलं आहे. त्या वर्षी केलेल्या भूमिकेवरचा नटाचा हक्क ३१ डिसेंबर २०४५ ला संपतो. पन्नासातली तीस वर्षं वसुलीविना गेली आहेत, आणि तेव्हा पन्नाशीत असलेला, ऐन भरात सासरे, फौजदार आणि सरपंच रंगवणारा नट आज ऐंशीच्या घरात आहे.